मालूची जागा

सुमती टिपणीस ठाण्यातल्या एका धर्मादाय इस्पितळात केसपेपरच्या खिडकीमागे बसायची. पेशंटने नाव-गाव सांगायचं, तिने कागद करून द्यायचा, मग तो कागद घेऊन पेशंटने डॉक्टरांकडे जायचं. कागद नसेल तर आतला कंपाउंडर धोंडीबा कुणालाही दाराच्या आत घेत नसे. खिडकीला जाळी होती आणि जाळीखाली हात जाईल एवढी फट. त्यामुळे सुमतीला माणसं आधी हातांनी कळायची, मग आवाजाने. चेहरा शेवटी.

पंचाहत्तर साली ती नोकरीला लागली तेव्हा पाठीमागे लाकडी मांडणी होती आणि मांडणीत वर्षावार बांधलेले गठ्ठे. सत्त्याऐंशी साली कॉम्प्युटर आला आणि मांडणी गेली. खुर्ची मात्र तीच राहिली.

घर वर्तकनगरला, दोन खोल्यांचं. नवरा श्रीपाद एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर. अबोल, टापटिपीचा माणूस. वर्तमानपत्राची घडी पुन्हा पहिल्यासारखी घातल्याशिवाय त्याला चहा जात नसे. एकोणऐंशीच्या ऑगस्टमध्ये त्यांना मुलगी झाली, सुमतीच्याच इस्पितळात, आणि नवव्या दिवशी गेली. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं होतं. म्हणजे मुलीला नाव नव्हतं. एवढ्याशा जिवाचं श्राद्ध नसतं, तिथी पाळत नाहीत, फोटो काढलेला नव्हता. सासूबाईंनी शेजारणीकडून आणलेला पाळणा परत केला, त्यातली गादी धुऊन. पुढे दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात संपलं. त्यानंतर घरात त्या विषयावर कुणी काही बोललं नाही. सासूबाई गेल्या, तेव्हा तर बोलू शकेल असं माणूसही उरलं नाही.

पण त्या नऊ दिवसांत मुलीला एक नाव पडलं होतं. शेजारच्या खाटेवर बाळकुमच्या कोळीवाड्यातली एक बाळंतीण होती आणि तिच्या सोबतीला तिची सासू, आवडाबाई. दोन खाटांच्या मधल्या जागेत ती पाय पसरून बसायची. सुमतीची मुलगी अशक्त होती, तिला ओढून पिता येत नव्हतं. सुमतीचा डोळा लागला की आवडाबाई तिला मांडीवर घ्यायची आणि कापसाच्या बोळ्याने दूध पाजायची. "पी गो मालू, पी. कंटाला करू नको." सासूबाईंना तिच्या लुगड्याचा मासळीचा वास खपत नसे, म्हणून त्या आल्या की आवडाबाई मुलीला हळूच खाली ठेवायची. नवव्या दिवशी सकाळीही ती म्हणत होती, "मालू, डोले उघड बघू."

सुमतीने हे नाव कुणाला सांगितलं नाही. श्रीपादलाही नाही.

कॉम्प्युटर आला तेव्हा कंपनीच्या माणसाने एक रचना लावून दिली होती. दर पेशंटची एक वेगळी फाइल, आणि सगळ्या फाइली एकाच डिरेक्टरीत. डिरेक्टरी म्हणजे नावांची यादी, एकाखाली एक. नाव इंग्रजी अक्षरांत, चौदा अक्षरांच्या आत. पेशंट किती, असं त्याने विचारलं तेव्हा ट्रस्टचे सेक्रेटरी म्हणाले होते, चार-पाच हजार. मग त्यांनाच हौस आली की पंचाहत्तरपासूनचे सगळे जुने कागदही मशीनमध्ये जावेत. सुमती, तिच्या शेजारची रमाबाई आणि आणखी दोघीजणी चौदा महिने टाइप करत होत्या.

एकोणऐंशीचे गठ्ठे सुमतीच्या वाट्याला आले. बारसं न झालेल्या मुलांसाठी ठरवून दिलेली रीत होती: आधी 'बेबी', मग आईचं नाव. आपल्या मुलीचा कागद हातात आला तेव्हा सुमतीने तो नीट वाचला. वजन, वेळ, शेवटची ओळ. मग तिने 'टिपणीस मालू' असं टाइप केलं. इंग्रजीत दहा अक्षरं झाली, चार उरली. संध्याकाळी कागद गठ्ठ्याबरोबर रद्दीत गेला.

एक्क्याण्णव साल उजाडेपर्यंत यादीत अठ्ठावीस हजार नावं झाली आणि मशीन बसल्यासारखं झालं. एक फाइल उघडायला मिनिट जायचं, मशीनला जोडलेल्या चारही पडद्यांवर, म्हणजे टर्मिनलवर, माणसं असली की दोन मिनिटं. रांग व्हरांड्यातून सायकल-स्टँडपर्यंत जायला लागली.

"बाई, तुमचं मशीन नाव विचारायला त्यांच्या गावी जातंय काय?" रांगेतून कुणीतरी म्हणायचं.

"जाऊ दे की. येताना कोथिंबीर आणील," दुसरा.

सेक्रेटरींनी हुकूम काढला: मेलेल्यांच्या आणि सात वर्षांत न फिरकलेल्यांच्या फाइली काढून टाका. हे काम सुमतीवर आलं. तीन आठवडे ती रोज दुपारी नावं काढत होती. एकोणऐंशी साल आलं तेव्हा तिने तेही काढलं, स्वतःच्या हाताने, इतरांच्या ओघात. लोकांची मुलं काढायची आणि आपली ठेवायची, हे तिला शोभण्यासारखं वाटलं नाही. त्या दिवशी घरी जाऊन तिने नेहमीसारखी पोळ्यांची कणीक मळली. संपलं, असं तिला वाटलं.

अकरा हजार फाइली गेल्या आणि मशीन पूर्वीइतकंच हळू चालत राहिलं.

मग डोंबिवलीहून त्र्यंबकराव आले. पन्नाशीचे, पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, आता अशी मशीनं बघत हिंडायचे. सुमतीच्या टर्मिनलशी बसून ते अर्धा तास कळा दाबत राहिले. मग बशीत चहा ओतला.

"बाई, काढल्यात किती?"

"अकरा हजार."

"आणि यादीची लांबी बघा. इंचभर कमी नाही."

"असं कसं?"

"भाडेकरू गेले, खोल्या राहिल्या," त्र्यंबकराव म्हणाले. "आणि दारावरच्या पाट्याही राहिल्या. फाइल काढली म्हणजे मशीन काय करतं? फाइल कुठे ठेवलीय तो आकडा नावापुढे असतो, तो पुसून तिथे शून्य टाकतं. बस्स. नाव तसंच. आता कुणालाही शोधायचं झालं की हे आपलं पहिल्या दारापासून निघालं. एकेक पाटी वाचतं. शून्य दिसलं, पुढे. शून्य दिसलं, पुढे. तुम्ही काढलेत, पण ते अजून रोज सगळ्यांना भेटून येतंय."

त्यांनी काहीतरी टाइप केलं आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत नावं वर सरकू लागली. सुमतीला ती सगळी ओळखीची होती. मुंब्र्याचा दामाजी, विषमज्वर. कोपरीची मनुबाई, बाळंतपणात. कॅसल मिलचा सखाराम, ज्याच्या बायकोने कागदावरच डोकं ठेवलं होतं. प्रत्येकासमोर शून्य, आणि नाव जसंच्या तसं.

"हे कसं बघायचं ते मला लिहून देता?" तिने विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय? औषध सांगतो ते लिहून घ्या. नवी यादी करायची. हयात आहेत त्यांना एकेक करून तिकडे न्यायचं. मग जुनी मोडून टाकायची. एका रविवारचं काम."

"मग या पाट्या?"

"घरच मोडलं, पाट्या कुठल्या राहायला?"

"आणि तसंच ठेवलं तर?"

"तर नवा पेशंट येईल तो पहिल्या रिकाम्या खोलीत शिरेल. जुन्या पाटीवर आपली लावेल. असं भरत जाईल. पण चाळ लांब ती लांबच. मशीन रडतच चालणार. सेक्रेटरींना सांगू ना?"

"मी सांगते," सुमती म्हणाली.

यादी कशी बघायची आणि नवी कशी करायची, दोन्ही तिने लिहून घेतलं. सेक्रेटरींना मात्र ती म्हणाली, मशीनला जरा वेळ द्यावा लागेल असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती साडेसातलाच इस्पितळात गेली. झाडणारी अजून आली नव्हती. यादी सरकत सरकत पाचेक हजारांच्या पुढे गेली आणि मालू आली. शून्य, आणि पुढे दहा अक्षरं. वरती कुणी वाडेकर, खाली कुणी उमेळकर. सुमती हात मांडीवर ठेवून बघत राहिली.

त्या दिवसापासून खिडकीवरचं काम बदललं. बाहेर कुणी नाव सांगितलं, तिने टाइप केलं, की टेबलाखालची मशीनची पेटी कुरकुरायला लागायची. आधी सुमतीला त्या आवाजाचा संताप यायचा. आता ती ऐकत असे. सुरुवातीची कुरकुर म्हणजे पंचाहत्तर साल. मग मधला एक लांब पट्टा. आता ते वाडेकरांपाशी आलं असेल. आता मालू. आता पुढे गेलं. बाहेरचा माणूस कपाळाला आठ्या घालून उभा असायचा आणि आत सुमतीचा श्वास त्या एका क्षणापुरता थांबायचा. हिशेब केला तर चारही टर्मिनलवरून दिवसाला दोनशे वेळा तिच्या मुलीचं नाव वाचलं जात होतं. बारा वर्षांत घरात एकदाही कुणी घेतलं नव्हतं ते नाव.

ती बदलली हे श्रीपादच्याही लक्षात आलं.

"अगं, सकाळी इतक्या लवकर कशाला निघतेस?"

"काम असतं."

"जादा कामाचं कुणी नाव घेत नाही तिथे."

"घेतात," ती म्हणाली.

एका संध्याकाळी स्टेशन रोडवर ती तयार कपड्यांच्या दुकानासमोर थांबली. दुकानदाराने विचारलं, केवढ्या मुलीसाठी? सुमतीने हाताने उंची दाखवली, आपल्या खांद्याच्या खाली चार बोटं. त्याने निळा फ्रॉक काढला. सुमतीने शिवण उलटून पाहिली, "दाब कमी सोडलाय, वर्षभरात तोकडा होईल," म्हणाली आणि निघून आली.

मालूच्या वर नऊशे चाळीस रिकाम्या जागा होत्या. सुमतीने पहिल्याच सकाळी मोजल्या होत्या. नव्या पेशंटची नोंद फक्त तिच्याच खिडकीवर व्हायची, दिवसाला तीस-पस्तीस. दर सकाळी ती बघायची: कोण कुणाच्या जागी आलं. दामाजीच्या जागी कळव्याची एक शाळामास्तरीण आली. मनुबाईच्या जागी पायाला खिळा लागलेला गवंडी. नाव जायचं ते एका क्षणात, मागे काही न ठेवता.

पाचशेवर आल्यावर ती नवीन नोंदी टाळायला लागली. "पूर्वी कधी आला असाल, आठवा. घरी जुना कागद असेल, घेऊन या." माणसं परत जायची, पुन्हा यायची. जुनं नाव शोधायचं म्हणजे पुन्हा ती सगळी यादी. रांग आणखी लांबली. रमाबाई रिटायर व्हायला आलेली, स्पष्ट बोलणारी बाई.

"टिपणीसबाई, नवीन नोंद मारा ना सरळ. ती म्हातारी तिसऱ्यांदा आलीय."

"जुनी असेल तिची."

"असेल तर असेल! तिचं हाड मोडलंय, इतिहास नाही."

तरी ज्या जागा महिन्या-दीड महिन्यात भरल्या असत्या त्यांना अडीच महिने लागले, एवढंच. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी तिने यादी काढली तेव्हा मालूच्या वर एकही शून्य उरलं नव्हतं. आदल्या दिवशीचा शेवटचा पेशंट, राघो नावाचा एक रिक्षावाला, तिच्या आधीच्या रिकाम्या जागेत येऊन बसला होता. आता जो कुणी नवा येईल त्याचं नाव मालूवर पडणार होतं.

सुमतीने खिडकी उघडली आणि सांगून टाकलं, नवीन नोंदी बंद आहेत, मशीन बिघडलंय, दुपारी या. अकरापर्यंत सहाजण परत गेले. हाताने लिहिलेला कागद सेक्रेटरींनी बंद केला होता, त्यामुळे धोंडीबानेही त्यांना आत घेतलं नाही.

सव्वाअकराला फटीतून एक हात आत आला. काळसर, हिरव्या बांगड्यांचा, बोटांवर बारीक चिरा. मागून श्वासाची शिट्टी ऐकू आली.

"नाव लिव गो बाय. दम लागलाय मना."

"पूर्वी आला होतात इथे?"

"मी नाय. सुनंला आनली होती. माजा पयलाच कागद." मध्ये थांबून तिने श्वास घेतला. "आवडाबाई. बाळकुम."

सुमतीचे हात टर्मिनलवर होते. तिने वर पाहिलं. जाळीतून अर्धा चेहरा दिसत होता. म्हातारा झाला होता, पण तोच.

"मशीन बंद आहे," सुमती म्हणाली. "बसा."

"किती येल?"

"बसा तुम्ही."

आवडाबाई भिंतीला टेकून खाली बसली, पाय पसरून. सुमती जुन्या पेशंटचे कागद काढत राहिली. एक नाव, पेटीची कुरकुर, कागद. दुसरं नाव. पेटी दर वेळी त्या जागेवरून जात होती आणि दर वेळी बाहेरून ती शिट्टी येत होती. कोणता आवाज कोणता हे थोड्या वेळाने तिला कळेना. पाऊण तास गेला. शिट्टी बारीक होत गेली. सुमतीला वाटलं, बाईला बरं वाटत असेल.

रमाबाई पाणी प्यायला उठली होती, ती धावत आत आली.

"टिपणीसबाई, मशीन चालू आहे की तुमचं! त्या कोळणीचे ओठ बघा जाऊन. निळे पडलेत."

"नवीन नोंद—"

"अहो, मरेल ती!"

सुमतीने टाइप केलं. तिच्या बोटांना ते नाव टाइप करताना कुठेही अडखळायला झालं नाही, याचं तिला पुढे कितीतरी दिवस आश्चर्य वाटत होतं. पेटी अगदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेली, असं नाव आधी कुठे नाही ना बघत. मग थांबली. मग एकदाच, टक्, असा आवाज झाला. कागद बाहेर आला. रमाबाईने तो ओढून घेतला आणि धोंडीबाला हाक मारत गेली.

सुमतीने यादी काढून पाहिली नाही. पाहायची गरज नव्हती.

चार वाजता खिडकी बंद करून ती वॉर्डात गेली. इंजेक्शन लागू पडलं होतं, ऑक्सिजनची नळी काढलेली होती. आवडाबाई उशीला टेकून बसली होती.

"तू खिडकीवाली नं? लय ताटकलवलीस मना."

"चुकलं माझं," सुमती म्हणाली. ती खाटेच्या कडेला बसली. "मला ओळखलंत का? एकोणऐंशी साली तुमची सून इथे होती. शेजारच्या खाटेवर मी होते."

आवडाबाईने तिच्याकडे निरखून पाहिलं. "ती खवट सासूवाली?"

"हो. तीच."

"हां! नाकाला पदर लावाची." ती हसली आणि खोकली.

"माझी मुलगी तुम्ही मांडीवर घ्यायचात. तिला मालू म्हणायचात."

"मालू?" आवडाबाईने आठवून पाहिलं. आठवलं नाही. "मी सगल्याच पोरींना मालू म्हनतंय गो. बारसा होईपरत कायतरी हाक माराला नको? आमचे वाड्यान विचार कुनाला पन." तिने सुमतीचा हात थोपटला. "मोठी झाली असंल नं आता?"

"हो," सुमती म्हणाली. "बारा वर्षांची."

"सालेत जाते?"

"जाते."

"शिकव तिला. खिडकीत नको बसवू."

बुधवारी सुमतीने सेक्रेटरींना त्र्यंबकरावांचं औषध सांगितलं. आधी का नाही बोललात, असं त्यांनी विचारलं. विसरले, असं ती म्हणाली. रविवारी सकाळी दहाला ती एकटी जाऊन बसली. नवी यादी केली. हयात असलेली नावं मशीन एकेक करून तिकडे नेत होतं, आणि पेटी तासन् तास कुरकुरत होती. मधे तिने डबा खाल्ला. चारच्या सुमाराला जुनी यादी मोडायची का, असं मशीनने विचारलं. तिने हो म्हटलं.

सोमवारी तीन सेकंदांत कागद यायला लागला. दहा वाजता रांग संपली. कुणी काही म्हणालं नाही. रांग नसली की माणसांना रांग होती हे आठवत नाही. सेक्रेटरींनी ट्रस्टींना सांगितलं, मी मागे लागलो म्हणून झालं. पेटी आता दर नावाला नुसती टचकन वाजायची आणि गप्प व्हायची. सुमती मान तिरकी करून ऐकत राहायची. रमाबाईने विचारलंही, "कान दुखतोय का?"

त्या संध्याकाळी घरी बिरड्याचा बेत होता. मोड आलेले वाल परातीत पाण्यात होते आणि श्रीपाद समोर बसून सोलत होता. हे काम तो नेहमी करायचा. दाणा न मोडता साल काढणं त्याला छान जमायचं.

"आपल्या मुलीचं नाव मालू होतं," सुमती म्हणाली.

श्रीपादचे हात पाण्यात थांबले. पाण्यावर दोन-तीन सालं तरंगत होती, ती त्याने बाजूला केली.

"कुणी ठेवलं?"

"वॉर्डातल्या एका बाईने. ती सगळ्यांनाच म्हणायची."

"मला नाही सांगितलंस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

त्याने एक वाल सोलला, दुसरा सोलला.

"तिथे विचारलं होतं मला," तो म्हणाला. "पुरायला गेलो तेव्हा. त्या माणसाकडे वही होती. म्हणाला, नाव काय लिहू? मी म्हटलं, ठेवलं नाही अजून. तो म्हणाला, नावाशिवाय लिहिता येत नाही, आईचं काय ते सांगा."

"मग?"

"तुझं सांगितलं."

"अमुकची मुलगी, असं?"

"नाही. नुसतं. सुमती श्रीपाद टिपणीस. वय नऊ दिवस." त्याने ओले हात लेंग्याला पुसले, जे तो कधी करत नसे. "मी बघत होतो लिहिताना. त्याने नावाखाली रेघ मारली. त्यानंतर मला तुला नावाने हाक मारवली नाही."

सुमतीला वाटत आलं होतं, नवरे लग्नानंतर काही वर्षांनी नाव घ्यायचं सोडतातच. शेवटची हाक त्याने कधी मारली असेल, हे तिने आठवून पाहिलं. ऑगस्टच्या आधीची असणार. पण कशासाठी, कुठल्या खोलीतून, ते काही केल्या आठवेना.

"आता मारा एकदा," ती म्हणाली.

श्रीपाद परातीकडे बघत राहिला. त्याने तोंड उघडलं. ओठ तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या आकाराचे झालेले तिला दिसले.

"अगं," तो म्हणाला, आणि थांबला.